लिंबागणेशच्या चढावर राहिलेला दगड

आमच्या गाडीचा हँडब्रेक गेल्या वर्षीच्या दिवाळीपासून नावापुरताच उरला होता. ओढला की कर्र कर्र करत थेट वरपर्यंत यायचा आणि एवढं करून गाडी धरायची नाही ती नाहीच. गॅरेजवाल्याने दोनदा सांगितलं होतं, "मॅडम, केबल ताणलीय, मागचे लायनर पण घासलेत. अर्ध्या तासाचं काम आहे." दोन्ही वेळा मला घाई होती. "राहू दे, पुढच्या सर्व्हिसिंगला बघू," असं म्हणून मी गाडी घेऊन निघून आले. घराचं पार्किंग सपाट, ऑफिसचं पार्किंग सपाट. हँडब्रेक लागतो कुणाला?

आणि मग सप्टेंबरात घाटनांदूरहून माझ्या नणंदेचा, मंगलवन्संचा फोन आला. "यायचं तर आत्ताच या. डोंगर हिरवेगार झालेत. दिवाळीनंतर इकडं नुसतं ऊन उरतं." बीड जिल्हा आणि हिरवागार? मी हसले होते. पण शनिवार-रविवारला जोडून सोमवारची सुट्टी येत होती, आणि पावसाळ्यात सगळं पुणं जिकडे जातं तिकडे जाऊन गाड्यांच्या रांगेत उभं राहायचा मला कंटाळा आला होता. ठरलं. मी चालवणार आणि सतीश, म्हणजे माझा नवरा, शेजारी बसून उंटावरून शेळ्या हाकणार. त्याला गाडी येत नाही. मात्र हँडब्रेक बिघडल्यापासून त्याच्याकडे एक खातं आलं होतं. चढ-उतारावर गाडी थांबली की त्याने उडी मारून उतरायचं आणि चाकाला दगड लावायचा. मी त्याला दगडमंत्री म्हणायचे. आम्हाला त्यात फार गंमत वाटायची.

पहिला दिवस

साडेपाचला पुणं सोडलं. शिक्रापूरची गर्दी व्हायच्या आत तिथून निसटलात तर नगरपर्यंत रस्ता मोकळा मिळतो. नगर ओलांडून आष्टीकडे वळलं की मात्र गाडीचा आणि डोक्याचा दोन्हींचा वेग आपोआप कमी होतो. बाजरी, तूर, मधेच कांद्याची रोपं, आणि रस्त्याच्या कडेने शेळ्या. आष्टीत चहा आणि गरम भजी खाल्ली, दोघांचे मिळून ऐंशी रुपये. हॉटेलवाल्याने कुठं निघालात विचारलं. सौताड्याचा धबधबा बघायला म्हटल्यावर तो म्हणाला, "जावा, जावा. यंदा पाणी लई हाय. पर खाली उतरताना बूट काढून हातात घ्या." का ते विचारलं नाही, ते खाली गेल्यावर कळलं. पायऱ्यांवर शेवाळ होतं.

सौताडा जामखेडच्या पुढे, रस्त्यापासून फार आत नाही. जमीन एकाएकी फाटल्यासारखी दरी आहे आणि तिच्यात पाणी कोसळतं. खाली रामलिंगाचं देऊळ. गुडघे कुरकुरत असतील तर धबधबा वरूनच बघा, तोही छान दिसतो. आम्ही उतरलो, भिजलो, चढताना तीनदा बसलो. पाटोद्यात पिठलं-भाकरीचं जेवण झालं, सोबत कांदा, ठेचा आणि हवं तितकं ताक.

इथवर सगळं फोटो टाकण्याजोगं होतं.

लिंबागणेशच्या थोडं अलीकडे एक अरुंद डांबरी फाटा डोंगरावर जातो. वर पठारावर पिवळी फुलं पसरली आहेत असं पाटोद्याच्या हॉटेलात कळलं होतं, आणि तो रस्ता एका वाडीवरून पलीकडे उतरून पुन्हा मोठ्या रस्त्याला मिळतो, हेही. एकच गाडी मावेल एवढा रस्ता, चांगलाच चढाचा. अर्ध्या चढावर वळण घेतलं आणि समोर मेंढरं. शंभरेक तरी असतील. ब्रेक दाबला, हँडब्रेक ओढला, पाय जरासा सैल केला, आणि गाडी मागे सरकायला लागली. सतीश दार उघडून दगड शोधायला धावला. नेमका तिथे दगड नव्हता.

"पाय काढू नगा! पाय काढू नगा!" कुणीतरी ओरडलं. खांद्यावर घोंगडी टाकलेला एक साठीचा माणूस बांधावरून उतरत आला. हातात एक काळा दगड, एक बाजू चापट, चांगला चार-पाच किलोचा. त्याने तो मागच्या चाकाला सारला, पायाने ठोकला. "आता सोडा हळू."

गाडी दगडावर टेकली. मी पाय काढला.

"हातबिरीक न्हाई व्हय गाडीला?"

"आहे, पण धरत नाही."

"मंग हाय म्हणता कावून?" तो म्हणाला, आणि तिघेही हसलो.

हे सोपानमामा. त्यांचं घर तिथून वीस पावलांवर होतं. पत्र्याचं छप्पर, पुढे शेणाने सारवलेलं अंगण, दोन गाई. "च्या घेतल्याबिगर कसं जाता?" म्हणाले. तशी गाडी तिथेच, चढावर, दगडाच्या भरवशावर राहिली. निदान पहिला गिअर टाकून चाकं डोंगराच्या बाजूला वळवून ठेवण्याइतकी अक्कल मी दाखवली. (तुम्हीही लक्षात ठेवा. गाडी चढाला तोंड करून असेल तर पहिला गिअर, उताराला असेल तर रिव्हर्स. आणि गाडी सुटलीच तर दरीकडे न जाता डोंगराला जाऊन टेकेल, अशी चाकं वळवायची. ही सगळी अक्कल मला होती, हे सांगायची आता लाज वाटते.)

आम्ही चहा पीत होतो तेवढ्यात चढावरून एक स्कूटी आली. पायापाशी दळणाचा डबा, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल. मामांची सून रेखा. तिशीची असेल. वळणावर जराही न डगमगता तिने गाडी अंगणात आणून उभी केली आणि आमची गाडी बघून विचारलं, "ताई, ही तुमी चालवत आणली?"

"हो. पण तू या चढावर स्कूटी चालवतेस, ते जास्त अवघड आहे."

ती लाजली, पण मनापासून खूश झाली. तिने तिच्या दोन शेळ्या विकून ती जुनी स्कूटी घेतली होती. रोज पहाटे दूध घेऊन लिंबागणेशला जायचं, ते घालून परत यायचं, मग आठवीतल्या मुलीला शाळेत सोडायचं. वाडीत एसटी येत नाही. गाडी चालवणारी वाडीतली ती पहिलीच बाई.

"शिकवली कुणी?" सतीशने विचारलं.

"मामांनी. धा दिवस मागनं धरून पळत व्हते. सायकल शिकवत्यात तसं."

"मला सोताला येत न्हाई," सोपानमामा म्हणाले. "पर धरायला काय लागतंय?"

"आणि नवरा?" मी विचारलं.

रेखाने दाराकडे बघून आवाज खाली केला. "ह्यास्नी न्हाई आवडत. म्हणत्यात, ज्या दिशी पडलीस त्या दिशी गाडी इकून टाकीन." मग लगेच हसून, "मी कशाला पडती?"

तिच्या गाईंचं तूप ती विकते असं कळलं, तेव्हा मी एक किलो सांगितलं. परतीच्या वाटेवर न्यायचं ठरलं. सतीशने मामांचा नंबर फोनमध्ये घेतला. निघताना आभाळ भरून आलं. रेखा दळण आत ठेवायला गेली. सोपानमामा गाडीपर्यंत आले.

"हे बगा, आता गाडी वर काढा. वर सपाटी हाय, तितं थांबा. आन् पाव्हण्याला म्हणावं, मागारी येऊन दगड कडंला टाका. रस्त्यात ठिवू नगा. पहाटं अंधाराचं रेखा हितनंच दूध घिऊन..." एवढ्यात त्यांची मेंढरं कुणाच्या तरी सोयाबीनमध्ये शिरली. "हाऽऽ! थिर्रर!" करत ते काठी घेऊन पळाले.

मी गिअर टाकला. बिघडलेल्या हँडब्रेकवर चढ चढायचा तर मध्ये थांबता येत नाही, एका दमात वर जावं लागतं. गेले. सपाटीवर थांबले. पहिले टपोरे थेंब काचेवर पडले. सतीशने दार उघडून एक पाय बाहेर टाकला.

"दगड उचलून येतो."

"अरे, राहू दे तो दगड. भिजशील. मामा आहेत की तिथे, उचलतील."

त्याने पाय आत घेतला. एवढंच. पाच सेकंदांची गोष्ट.

पठारावर फुलं खरंच होती. पावसात त्यांचे फोटो चांगले आले.

मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई करत दिवेलागणीला घाटनांदूरला पोचलो. वन्संनी धपाटे आणि दही वाढलं. मी चार खाल्ले.

दुसरा दिवस

अंबाजोगाई. योगेश्वरीचं दर्शन, मग मुकुंदराजाची समाधी. समाधीकडे जाताना रस्ता दरीत उतरतो. तिथे रविवारी गाड्यांची गर्दी असते, तेव्हा सकाळी लवकर जा. आम्ही उतारावर गाडी लावली, सतीशने पुढच्या चाकाला दगड लावला, आणि निघताना तो उचलून अगदी झाडाच्या बुंध्याशी नेऊन ठेवला. एका दुचाकीवाल्याने त्याला मान डोलावून शाबासकी दिली. मी म्हटलं, "मंत्री, प्रगती आहे." तेव्हाही मला आदल्या दिवशीचा दगड आठवला नाही. मला पुष्कळदा वाटतं, आठवला असता तर फोन तरी केला असता. पण तोवर उशीर झालेलाच होता. रेखा त्याच पहाटे पडली होती.

दुपारी वन्संच्या घरी पुरण होतं. संध्याकाळी घाटनांदूरच्या स्टेशनावर नुसतंच जाऊन बसलो. एक गाडी आली, चार माणसं उतरली, गाडी गेली. सुट्टी म्हणजे हीच, असं मी डायरीत लिहिलंय.

तिसरा दिवस

लवकर निघून कपिलधार केलं. धबधबा, देऊळ, ओल्या दगडांवरून चालणारे भाविक. पार्किंग जवळ आहे, पण सुट्टीला लांब थांबवतात. तिथून निघून तूप घ्यायला वाडीकडे वळलो, या वेळी वरच्या बाजूने. गाडी उताराला तोंड करून उभी करावी लागली. रिव्हर्स टाकला, पाय ब्रेकवर ठेवला. सतीश दगड शोधायला उतरला, तर सोपानमामाच घरातून दगड घेऊन येताना दिसले.

काळा, एक बाजू चापट.

त्यांनी तो पुढच्या चाकाला लावला, पायाने ठोकला. "उतरा," म्हणाले. त्या दिवशीसारखं हसले नाहीत.

रेखा बाजेवर बसली होती. उजवा हात प्लास्टरमध्ये, हनुवटीला टाके, गाल सुजलेला. अंगणाच्या कोपऱ्यात स्कूटी आडवी टेकवून ठेवली होती. तिचा आरसा तुटला होता आणि पुढचं चाक वाकडं झालं होतं. दुधाची किटली चेपलेली.

"अगं, काय झालं हे?"

उत्तर तिच्या नवऱ्याने, दत्ताने दिलं. तो दारात उभा होता. "काय व्हायचं? पडली काल पहाटं. सांगून थकलो, बायामाणसाचं काम न्हाई हे. आता म्हणती, रस्त्यात दगड व्हता. मी बगून आलो. रस्त्यात काय बी न्हाई."

"व्हता दगड," रेखा म्हणाली. ओठ सुजल्यामुळे शब्द नीट फुटत नव्हते. "चाकाखाली आला, मंग गडगडत खाली गेला आसंल. वळणावरच व्हता. रोज जाती मी तितनं."

"रोज जाती आन् एक दगड दिसत न्हाई?"

सतीश माझ्याकडे बघत होता. मला माहीत होतं तो बोलणार नाही. राहू दे मी म्हटलं होतं, तेव्हा बोलायचंही मीच होतं. जिभेवर वाक्य तयार होतं. "तो दगड आमचा होता." चार शब्द. सोपानमामा चूल पेटवता पेटवता थांबले होते, त्यांची पाठ माझ्याकडे होती.

मी म्हणाले, "ट्रकवाले ठेवून जातात हो असे दगड. बंद पडतात, चाकाला लावतात आणि तसेच सोडून जातात. घाटात नेहमी बघते मी."

मामांनी चुलीत फुंकर घातली. मागे न बघता म्हणाले, "आमच्या रस्त्याला टरक येत न्हाई, ताई."

दत्ता हसला. "घ्या. आता टरक बी आला."

माझ्यामुळे रेखा आणखी खोटी पडली होती. मी कपातल्या चहाकडे बघत बसले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं मला प्रत्येकाच्या गप्प बसण्यात आपलंच नाव ऐकू येत होतं. तरी बोलले नाही. का बोलले नाही याची मी नंतर पुष्कळ कारणं शोधली. दत्ता चिडेल, भांडण होईल, आपण परक्या गावात आहोत, संध्याकाळपर्यंत पुणं गाठायचंय. खरं कारण एकच. दोन दिवसांपूर्वी याच अंगणात त्या बाईने मला केवढ्या कौतुकाने "ही तुमी चालवत आणली?" विचारलं होतं, आणि मला ते कौतुक घालवायचं नव्हतं.

निघायला उठलो तशी रेखा डाव्या हाताने बरणी घेऊन आली. "तूप परवा सांजचंच कढवून ठिवलंवतं, तुमी गेल्या गेल्या." मी पैसे दिले. काही जास्त द्यायला गेले तर तिने मोजून परत केले.

"बरी हो लवकर," मी म्हणाले. "पुन्हा चालवायला लाग."

ती स्कूटीकडे बघत राहिली.

मी गाडीत बसले, ब्रेक दाबून धरला. सोपानमामा वाकले आणि त्यांनी चाकाखालचा दगड काढला. रस्त्याच्या कडेला टाकला नाही. छातीशी धरून उभे राहिले. "जावा आता," म्हणाले. आरशात बघितलं तेव्हा ते तो घेऊन घराकडे चालले होते.



घरी

दुसऱ्याच दिवशी हँडब्रेक दुरुस्त केला. वरातीमागून घोडं. नवी केबल, नवे लायनर, आणि काम झालं पस्तीस मिनिटांत. गॅरेजवाला मला टेकडीच्या रस्त्यावर घेऊन गेला, गाडी चढावर उभी केली, चौथ्या टिकटिकीला ब्रेक घट्ट लागला, गाडी जागची हलली नाही. "बघा मॅडम, आता दगडबिगड काही नको." मी मान डोलावली.

या प्रवासाचं वर्णन मी त्या आठवड्यातच लिहायला घेतलं होतं. सौताडा, धपाटे, पिवळी फुलं, सगळं लिहून झालं होतं. वाडीचा भाग गाळला होता. तो मजकूर चांगला होता, पण कुठे टाकवला नाही. तुपाची बरणी फडताळात तशीच होती. सतीशही तिला हात लावत नव्हता. आज फोन करू, उद्या करू करत ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली.

गेल्या रविवारी केला. सकाळचे आठ वाजले असतील. सोपानमामांनीच उचलला. मागे मेंढरांचा आवाज येत होता. मी नाव सांगितलं, तूप घेऊन गेलेली पुण्याची ताई म्हटलं, आणि मग एका दमात सगळं बोलून टाकलं. दगड आमचा होता. तुम्ही सांगितलं होतं तरी उचलला नाही. त्या दिवशी तुमच्या अंगणात मी खोटं बोलले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ठाऊक हाय मला. दगड मीच दिलता नव्हं. खाली नाल्यात घावला. त्या दिशी म्हणून तर तुमच्या चाकाला त्योच आणून लावला. म्हणलं, बघून बोलतील."

"मग तुम्ही का नाही बोललात, मामा?"

"पाव्हण्याला दारात कसं बोलावं? आन् दत्ताला म्हणलो मी. त्यो म्हणला, तुमी सुनंची बाजू घेता. घरच्याचं कोण ऐकतंय? तुमी भाईरची माणसं, सोता गाडी चालवणारी बाई. तुमी एक शबूद बोलला असता तर ऐकावं लागलं असतं त्याला."

"मी आत्ता बोलते दत्ताशी. त्यांना फोन द्या. चाक मी दुरुस्त करून देते, हवं तर येते तिथे."

"गाडी इकली, ताई. पैशाची नड व्हती म्हणून न्हाई, उगं आपला शब्द खरा करायला इकली. दिवाळीच्या आधीच्या बाजाराला."

रेखाची मुलगी शाळेत कशी जाते, मी विचारलं. चालत, म्हणाले. पाऊस असला की जात नाही.

"मग रेखाला तरी द्या फोन. निदान तिला सांगते की तो दगड खरंच होता."

"ती न्हाई घरी. दूध घालाया गेलीय. चालत जाती आता, यायला येळ लागतो."

"मी थांबते. तासाभराने करू का?"

मागे त्यांनी मेंढरांना एक हाळी दिली. मग फोन पुन्हा तोंडाजवळ घेऊन, अगदी मऊ आवाजात म्हणाले,

"राहू द्या आता."